हायपो, आम्ल आणि नागपूरचं ऊन : संहती बदलली की अभिक्रियेचा दर किती बदलतो, ते मोजायचं कसं

'संहती वाढली की अभिक्रियेचा दर वाढतो.' दहावीच्या विज्ञानातलं हे वाक्य पाठ करायला दहा सेकंद पुरतात. ते स्वतः मोजून दाखवायचं तर एक अख्खी दुपार जाते, आणि नागपुरात असाल तर दुपार नकोच, सकाळ घ्या. कारण पुढे येईलच. बारावीला 'रासायनिक गतिकी' शिकताना बहुतेकांचं घोडं अडतं ते गणितात नाही. दर म्हणजे नेमकं काय मोजायचं, हेच डोळ्यांसमोर आलेलं नसतं. म्हणून हा लेख पहिल्यांदाच प्रयोगशाळेत उभं राहणाऱ्यांसाठी आहे. मग तुम्ही विद्यार्थी असा, नाहीतर विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांना तयार करणारे शिक्षक.

प्रयोग जुनाच आहे, फुलीचा. सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की मीठ, पाणी, सल्फर डायऑक्साइड वायू आणि गंधक तयार होतं. गंधक पाण्यात विरघळत नाही. त्याचे बारीक कण द्रावणात तरंगतात आणि द्रावण गढूळ होत जातं. चंचुपात्राखाली कागदावर फुली काढलेली असते. ती वरून दिसेनाशी व्हायला किती सेकंद लागले, एवढंच मोजायचं. सोडियम थायोसल्फेटला सगळे हायपोच म्हणतात. फिल्मवाल्या फोटोग्राफीच्या काळात स्टुडिओच्या डार्करूममध्ये हे असायचंच, आणि आज मत्स्यालयाच्या दुकानात पाण्यातलं क्लोरीन घालवायला जे खडे मिळतात तेही बहुतेक हेच.

आधी कारण, मग कृती

दोन कणांत अभिक्रिया व्हायची तर आधी ते एकमेकांवर आदळायला हवेत, आणि आदळताना पुरेशी ऊर्जा हवी. दिवाळीच्या आदल्या दिवशी नागपूरच्या बाजारात, बर्डीच्या मेन रोडवर जा. माणसं दुप्पट झाली की धक्केही जास्त लागतात, पण म्हणून प्रत्येक धक्का जास्त जोरात लागतो असं नाही. संहतीचं तसंच आहे. तेवढ्याच आकारमानात कण वाढले की दर सेकंदाला होणाऱ्या टकरी वाढतात, मात्र त्यातल्या किती टकरी पुरेशा ऊर्जेच्या, हे प्रमाण तेच राहतं. ते प्रमाण बदलतं तापमान. तोंडी परीक्षेत 'संहती वाढली की कणांची ऊर्जा वाढते' असं उत्तर ऐकू येतं. ते चूक आहे.

अभिक्रियेचा दर अभिकारकांच्या संहतीवर ठरतो, हा वस्तुमान क्रियेचा नियम गुल्डबर्ग आणि वागे या दोन नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनी १८६४ मध्ये मांडला. त्याच्याही आधी, १८५० मध्ये, जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्मी यांनी आम्लाच्या पाण्यात साखरेचं विघटन होताना ते कोणत्या वेगानं होतं हे मोजून, वेग उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो असं दाखवलं होतं. टकरींचा सिद्धांत मात्र विसाव्या शतकातला. म्हणजे मोजमाप आधी आलं आणि कारण नंतर. आपणही आता मोजमापाकडेच जाऊ.

सामान

हायपो २० ग्रॅम. हे ५०० मिलि ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा. पंचजलीय स्फटिकांचं रेण्वीय वस्तुमान सुमारे २४८ आहे, त्यामुळे हे द्रावण जवळपास ०.१६ मोलार (लिटरमागे ०.१६ मोल) होतं. पाच मिश्रणांची एक फेरी १५० मिलि हायपो खाते, म्हणजे तीन फेऱ्यांना ४५० मिलि. पाचशेची बाटली तेवढ्यासाठीच. सांडायला फार जागा नाही.

हायड्रोक्लोरिक आम्ल २ मोलार, १०० मिलि. संहत आम्लापासून करायचं तर साधारण १७ मिलि संहत आम्ल लागतं. हे काम सरांनी किंवा मॅडमनी करायचं, विद्यार्थ्यांनी नाही. चंचुपात्रात आधी पाणी, मग आम्ल, तेही हळूहळू. उलट कधीच नाही. संडास साफ करायचं आम्ल वापरू नका. त्याची संहती धड माहीत नसते, वर त्यात रंग आणि सुगंध मिसळलेला असतो. आणि तेच आम्ल ब्लिचिंग पावडरजवळ नेलं तर क्लोरीन वायू सुटतो, त्याच्याशी तर खेळायचंच नाही.

ऊर्ध्वपातित पाणी महाग पडत असेल तर बॅटरीच्या दुकानातलं 'बॅटरी वॉटर' चालतं. मागताना 'पाणी' असं ठासून सांगा. बॅटरीचं आम्लही त्याच दुकानात, तसल्याच कॅनमध्ये असतं. बोअरवेलच्या पाण्यानं प्रयोग बिघडत नाही, पण हायपोचं द्रावण साठवायचं असेल तर शुद्ध पाणीच बरं. तसंही हे द्रावण फार दिवस टिकत नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं आणि जीवाणूंनी ते हळूहळू बिघडतं. आदल्या संध्याकाळी करा, सकाळी वापरा.

बाकी : १०० मिलिची शंक्वाकार चंचुपात्रं एकाच कंपनीची, एकाच मापाची; मोजपात्रं तीन (हायपोचं, पाण्याचं, आम्लाचं); थर्मामीटर; मोबाइलमधलं स्टॉपवॉच; एक टब; गॉगल; आणि एका बादलीत धुण्याचा सोडा विरघळवलेलं पाणी. ती बादली कशाला, ते थोड्या वेळात.

मोजपात्रं तीनच का, असं विचारणारा कोणी ना कोणी प्रत्येक बॅचमध्ये भेटतो. आम्लाच्या मोजपात्रात हायपो मोजला तर तळाशी उरलेले आम्लाचे थेंब तिथंच काम सुरू करतात, आणि तुमचं स्टॉपवॉच सुरू होण्याआधीच गंधक तयार होऊ लागतो. मोजपात्रांवर मार्करनं 'हा', 'पा', 'आ' लिहून टाका, विषय संपला.

पाच मिश्रणं

१. हायपो ५० मिलि, पाणी ०
२. हायपो ४० मिलि, पाणी १०
३. हायपो ३० मिलि, पाणी २०
४. हायपो २० मिलि, पाणी ३०
५. हायपो १० मिलि, पाणी ४०

प्रत्येकात शेवटी ५ मिलि आम्ल. एकूण आकारमान दर वेळी ५५ मिलिच. सगळ्या प्रयोगाचं मर्म या 'दर वेळी ५५' मध्ये आहे. पाणी घालायचं नुसतं हायपो पातळ करायला, असं वाटतं. प्रत्यक्षात ते तीन कामं करतं. हायपोची संहती ठरवतं. आम्लाची संहती सगळ्या मिश्रणांत सारखी ठेवतं. आणि तिसरं काम बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही : द्रावणाची खोली सारखी ठेवतं. वरून पाहताना फुली झाकते ती नजरेच्या वाटेत आलेल्या सगळ्या गंधकामुळे. खोली कमी झाली की फुली झाकायला दाट गढूळपणा लागेल, आणि मग तुम्ही वेगळीच गोष्ट मोजत बसाल. चंचुपात्रं एका मापाची हवीत तीही याचसाठी. एकाचा तळ रुंद, दुसऱ्याचा अरुंद असेल तर तेच ५५ मिलि वेगवेगळ्या उंचीवर उभे राहतात.

आकारमान कायम असल्यानं आणखी एक सोय होते. हायपोची संहती त्याच्या मिलिच्या सरळ प्रमाणात राहते. पहिल्या मिश्रणात, आम्ल घातल्यावर, ती सुमारे ०.१४७ मोलार असते आणि पाचव्यात ०.०२९. आलेखावर मोलार काढायचा कंटाळा असेल तर नुसते ५०, ४०, ३० लिहिले तरी रेषेचा आकार तोच येतो.

प्रत्यक्ष कृती

पांढऱ्या कागदावर काळ्या मार्करनं जाड फुली काढा आणि कागद प्लॅस्टिकच्या पारदर्शक फाइलमध्ये सरकवा, नाहीतर दुसऱ्याच फेरीत तो भिजतो. सगळ्या फेऱ्यांना हीच फुली. चंचुपात्र तिच्यावर ठेवा. हायपो ओता, पाणी ओता, हलकेच हलवा. मग मोजलेलं ५ मिलि आम्ल एका झटक्यात ओता. ओततानाच जोडीदारानं स्टॉपवॉच सुरू करायचं. चंचुपात्र एकदा गोल फिरवा, फुलीवर ठेवा आणि हात काढा.

सुरुवातीला काहीच होत नाही. नवखे इथं घाबरतात, आम्ल घालायचं राहिलं की काय म्हणून पुन्हा ओततात. थांबा. काही सेकंदांनी द्रावणावर निळसर झाक येते, दुधात पाणी जास्त झाल्यावर दिसते तशी फिकी. मग ती पांढरी होते, मग पिवळट. फुलीच्या कडा आधी पुसट होतात, मधला छेद शेवटी जातो. 'गेली' म्हणायचं ते मधला छेद गेल्यावर, आणि ते म्हणणारा माणूस पंधराच्या पंधरा वेळा एकच हवा. एकाची 'गेली' दुसऱ्यासाठी 'अजून दिसून राहिली ना सर' असते.

फुली गेली की चंचुपात्र लगेच सोड्याच्या बादलीत रिकामं करा. अभिक्रिया तिथं थांबत नाही, सल्फर डायऑक्साइड सुटतच राहतो. सोड्यामुळे आम्ल मरतं आणि वायू पाण्यातच अडकतो. चंचुपात्रावर वाकून वास घेऊ नका. दमा असलेल्या मुलांना खिडकीजवळ वेळ लिहायचं काम द्या, पात्राजवळ उभं करू नका. गॉगल सगळ्यांनाच.

आता ऊन

नागपुरात हा प्रयोग बिघडतो तो बहुतेक वेळा इथंच. अभिक्रियेचा दर तापमान १० अंशांनी वाढलं की ढोबळमानानं दुप्पट होतो. तोच हिशोब ३ अंशांना लावा : दर जवळपास एकचतुर्थांशानं वाढतो. आता पाहा, हायपो ४० वरून ५० मिलि केला तर संहती किती वाढते? तीही एकचतुर्थांश. म्हणजे पहिलं आणि दुसरं मिश्रण करण्याच्या मध्ये द्रावण ३ अंशांनी तापलं, तर संहतीचा एक अख्खा टप्पा उन्हानं गिळला. तुम्ही म्हणाल संहतीचा परिणाम मोजला, प्रत्यक्षात खिडकीतलं ऊन मोजलं.

एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास फिरत असताना सकाळी दहाला सुरू केलेली बॅच बारापर्यंत चालली तर ३ अंशांचा फरक पडायला काहीच लागत नाही. त्यात वीज गेली, कूलर बंद पडला की झालंच. डिसेंबरातही सुटका नाही. सकाळची प्रयोगशाळा गार असते आणि नळाचं पाणी त्याहून गार. हायपो खोलीत ठेवलेला, पाणी थेट नळातून घेतलेलं, असं झालं तर पाण्याचं प्रमाण जसं वाढेल तसं मिश्रण थंड होत जातं. पाचव्या मिश्रणात ४० मिलि गार पाणी! वेळ वाढतो, विद्यार्थी खूश होतो की संहतीचा परिणाम भलताच जोरात दिसला, आणि आलेख शेवटी खाली वाकतो.

उपाय साधा आहे. टबमध्ये पाणी भरा आणि हायपोची बाटली, पाण्याची बाटली, आम्लाची बाटली अशा तिन्ही त्यात मानेपर्यंत अर्धा तास बुडवून ठेवा. मोठ्या टबातलं पाणी हळूहळू तापतं, त्यामुळे तासाभराची फेरी निभावते. प्रत्येक मिश्रणात आम्ल घालण्याआधी थर्मामीटर बुडवून तापमान लिहा. फरक १ अंशाच्या वर गेला तर ते वाचन सरळ बाद करा. मन घट्ट करून बाद करा. वहीत खाडाखोड चालते, खोटा आकडा चालत नाही.

क्रमही उलटसुलट ठेवा. पहिली फेरी ५० कडून १० कडे, दुसरी १० कडून ५० कडे, तिसरी कशीही. खोली तापत असेल तर त्याचा परिणाम एकाच बाजूला साचत नाही. माझ्या मते ही एक सवय महागड्या उपकरणापेक्षा जास्त कामाची आहे.

कूलरचं आणखी एक. वाऱ्याच्या झोतात चंचुपात्र ठेवू नका, आणि वायू तुमच्या तोंडावर येईल असं बसू नका. झोत पाठीमागून आणि खिडकी समोर उघडी, अशी मांडणी हवी. उन्हाळ्यात वास जास्त जाणवतो, कारण गरम पाण्यात वायू कमी विरघळतो. हायपोची बाटलीही उघडी ठेवू नका. कोरड्या हवेत पाणी उडून जातं आणि तुमच्या नकळत संहती चढते.

आकड्यांचं काय करायचं

समजण्यापुरते आकडे घेऊ. समजा ५०, ४०, ३०, २० आणि १० मिलिला अनुक्रमे २२, २८, ३७, ५६ आणि ११३ सेकंद लागले. वेळ आणि संहती यांचा आलेख काढला तर खाली उतरणारी वक्र रेषा मिळते. ती पाहून 'संहती वाढली की वेळ कमी' एवढंच कळतं. किती कमी, ते वक्र रेषेवरून डोळ्यांना ठरवता येत नाही.

म्हणून वेळेचा व्यस्त घ्यायचा. फुली झाकायला दर वेळी गंधक साधारण तेवढाच लागतो. तेवढाच गंधक अर्ध्या वेळात झाला म्हणजे दर दुप्पट. म्हणून १ भागिले वेळ हे दराचं माप म्हणून चालतं. दशांश चिन्हामागचे शून्य टाळायला १००० भागिले वेळ घ्या. वरच्या आकड्यांवरून ४५.५, ३५.७, २७.०, १७.९ आणि ८.८ असे दर येतात. हे हायपोच्या मिलिसमोर मांडा, जवळजवळ सरळ रेषा येईल, आणि ती शून्याकडे रोखलेली असेल. सरळ रेषा शून्यातून जाते याचा अर्थ दर हायपोच्या संहतीच्या सम प्रमाणात आहे, म्हणजे हायपोच्या बाबतीत अभिक्रियेची कोटी (दर संहतीच्या कितव्या घाताच्या प्रमाणात बदलतो, तो आकडा) १.

बारावीवाल्यांनी एक पायरी पुढे जावं. ५० आणि २० मिलि घ्या. संहती २.५ पट, दर ५६ भागिले २२ म्हणजे २.५५ पट. दोन्हींचे लॉग घेऊन दराच्या लॉगला संहतीच्या लॉगनं भागा : ०.४०६ भागिले ०.३९८, उत्तर १.०२. तुमचं उत्तर ०.९ किंवा १.१ आलं तरी ते १ च आहे. डोळ्यानं फुली पाहून याहून काटेकोर उत्तराची अपेक्षा ठेवू नये.

हे माप कच्चं आहे, हे वहीत लिहा. आपण सुरुवातीपासून फुली जाईपर्यंतचा सरासरी दर काढतो, क्षणाचा दर नाही. तेवढ्या वेळात हायपोचा फार मोठा भाग संपत नाही, म्हणून सरासरी चालून जाते.

आम्लाचं उलटं वागणं

वेळ उरला तर हे जरूर करा. हायपो ३० मिलि कायम ठेवा. एकदा पाणी २० आणि आम्ल ५ मिलि, दुसऱ्यांदा पाणी २२.५ आणि आम्ल २.५ मिलि. आम्लाची संहती अर्धी झाली, तर वेळ दुप्पट व्हायला हवा असं वाटतं. होत नाही. फरक त्याहून बराच कमी येतो.

संतुलित समीकरणात तर हायपोचा एक आणि आम्लाचे दोन रेणू आहेत. नुसत्या समीकरणावरून ठरवलं असतं तर आम्लाची कोटी २ निघाली असती. कोटी समीकरणातल्या सहगुणकांवरून काढता येत नाही, ती प्रयोगावरूनच काढायची असते, हे पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेलं वाक्य इथं दोन चंचुपात्रांत दिसतं. अभिक्रिया एका टप्प्यात होत नाही आणि दर सर्वांत मंद टप्प्यावर ठरतो. काही अभिक्रियांत तर संहतीनं दरावर काहीच फरक पडत नाही : तापलेल्या प्लॅटिनमवर जास्त दाबाच्या अमोनियाचं विघटन. धातूचा पृष्ठभाग रेणूंनी पूर्ण भरलेला असतो, बाहेर आणखी गर्दी झाली तरी आत जागाच नसते.

घरी करायचं असेल तर

आम्ल आणि सल्फर डायऑक्साइड घरात नको. त्याऐवजी औषधाच्या दुकानातल्या वस्तूंवर भागणारा प्रयोग आहे. क जीवनसत्त्वाची १००० मिग्रॅ एवढी मात्रा कुटून ६० मिलि पाण्यात विरघळवा. त्यातले ५ मिलि, टिंक्चर आयोडीन ५ मिलि आणि कोमट पाणी ६० मिलि मिसळा, आयोडीनचा रंग जातो. दुसऱ्या ग्लासात पाणी ६०, हायड्रोजन पेरॉक्साइड १५ मिलि आणि अरारूटची पातळ पेज चमचाभर. दोन्ही एकत्र केले की काही वेळ शांतता, आणि मग द्रावण एकदम काळंनिळं. क जीवनसत्त्व संपेपर्यंत ते पेरॉक्साइडमुळे तयार होणारं आयोडीन खात असतं, संपलं की अरारूटच्या पिठाला आयोडीन सापडतं. पेरॉक्साइड १५ ऐवजी ७.५ मिलि घ्या, तेवढं पाणी वाढवून एकूण आकारमान तेच ठेवा, आणि वेळ किती वाढतो ते बघा.

पेरॉक्साइड ३ टक्क्यांचं हवं. आपल्याकडे बाटलीवर बहुधा ६ टक्के छापलेलं असतं, ते तेवढ्याच पाण्यानं पातळ करून घ्या. गोळ्यांत साखर आणि रंग असतात, त्यामुळे द्रावण गाळून घ्यावं लागतं आणि वेळा थोड्या पुढे-मागे होतात. आयोडीनचे डाग ओट्यावर पडले तर उरलेलं क जीवनसत्त्वाचं पाणी त्यावर टाका, जातात. आईच्या पांढऱ्या ओढणीवर पडले तर आधी तेच पाणी, मग साबण.

प्रयोगशाळेतली चंचुपात्रं मात्र त्याच दिवशी घासा. गंधकाचा पातळ थर काचेला चिकटून राहतो आणि वाळला की नुसत्या पाण्यानं निघत नाही. दुसऱ्या दिवशीच्या बॅचला तळ आधीच धुरकट मिळाला तर त्यांची फुली लवकर 'जाईल', आणि दोन बॅचचे आकडे जुळत नाहीत म्हणून सगळे थर्मामीटरला दोष देत बसतील.